डोक्यावरचा पत्रा आणि छातीतली धूळ

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. कोकणातल्या एका मोहल्ल्यात आम्ही नातेवाइकांकडे गेलो होतो. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे घरोघर दुरुस्तीची घाई चाललेली. समोरचे घर पुढून स्लॅबचे, पण मागची पडवी आणि न्हाणीघर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे. घरधनी कतारला नोकरीला, म्हणून मिस्त्रीशी बोलणे, सामान मागवणे, मजुरी देणे हे सगळे त्यांच्या बायकोकडे. मिस्त्री शिडीवर चढला होता आणि त्याचा मदतनीस खाली अंगणात ग्राइंडर लावून पत्रा कापत होता. पांढरट धुरळा उडून दोरीवरच्या कपड्यांवर बसत होता. काम थांबल्यावर भाभींनी खराटा घेतला आणि सगळे अंगण स्वच्छ झाडून काढले. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी पत्र्याचा एक चपटा तुकडा उचलून लंगडीची घरे आखत होती. ठिकरी म्हणूनही तोच तुकडा.

आम्हाला राहवले नाही. म्हटले, "भाभी, ते कोरडे झाडू नका, आधी पाणी शिंपडा. आणि पोरीला आत घ्या."

त्या हसल्या. "अहो, सिमेंटच तर आहे! धुतलं की जातं."

हेच उत्तर आपल्याला दहापैकी नऊ घरांत मिळेल. खरे सांगायचे तर लहानपणी आम्हीही अशाच तुकड्याने ओट्यावर रेघोट्या ओढल्या आहेत आणि आमच्याही वडीलधाऱ्यांनी आम्हाला कधी अडवले नाही. त्यांना ठाऊकच नव्हते. आपल्याला मात्र ठाऊक करून घेता येते. म्हणून या महिन्यात आम्ही आपल्या डोक्यावरच्या पत्र्याविषयी बोलणार आहोत. घाबरवण्यासाठी नव्हे. घाबरून लोक घाईने पत्रे फोडायला लागले तर उलट नुकसानच होईल. ते का, हेही पुढे येईलच.

सिमेंटच्या पत्र्यात असते काय?

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो तो नुसत्या सिमेंटचा नसतो. नुसत्या सिमेंटचा इतका पातळ पत्रा केला तर तो हातातच मोडेल. त्याला ताकद येण्यासाठी सिमेंटमध्ये तंतू मिसळतात. मातीच्या भिंतीत गवताचा भुसा घालतात, तसेच हे. आपल्याकडच्या जुन्या पत्र्यांत हे तंतू ॲस्बेस्टॉसचे असतात. साधारणपणे पत्र्याच्या वजनाचा दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस आणि बाकी मुख्यतः सिमेंट, असे प्रमाण असते.

ॲस्बेस्टॉस म्हणजे जमिनीतून निघणारे खनिज. दगड असूनही तो कापसासारखा पिंजता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. तो जळत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, बहुतेक रसायने त्याला खात नाहीत, आणि तो स्वस्त असतो. त्यामुळे विसाव्या शतकात जगभर त्याचा सुळसुळाट झाला. छपरांचे पत्रे, पावसाच्या पाण्याचे आणि संडासाचे पाइप, पाण्याच्या टाक्या, वाफेच्या नळांवरचे आवरण, गाड्यांचे ब्रेक, आगीपासून बचाव करणारे पडदे आणि हातमोजे, सगळीकडे तो गेला.

आपल्या जुन्या इमारतींत तो कुठे भेटतो? चाळीच्या वरच्या मजल्याच्या छपरात, गॅलरीवर काढलेल्या शेडमध्ये, जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या राखाडी पाइपांत. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या छपरावर. मशिदीच्या वुजूखान्यावर आणि मदरशाच्या व्हरांड्यावर. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडवर. गोठ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, लाकडे ठेवायच्या खोपीवर. आणि तुटल्यानंतरही तो टाकला जात नाही. चिखलाच्या वाटेवर पाय ठेवायला, परसातल्या आळ्याला आडोसा म्हणून, चुलीमागे भिंत काळी होऊ नये म्हणून, असा तो घरात राहतोच.

धोका कुठे आहे आणि कुठे नाही

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ॲस्बेस्टॉस हे काही शिवल्याबरोबर भिनणारे विष नव्हे. अखंड, घट्ट पत्र्याला हात लावल्याने काही होत नाही. अशा छपराखाली जेवल्याने, झोपल्याने लगेच आजार जडत नाही, कारण तंतू सिमेंटमध्ये पकडून ठेवलेले असतात. छपरावरून पडलेले पाणी अंगावर आले तरी काळजीचे कारण नाही. पाण्यावाटे पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसने आजार होतो, असा खात्रीचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही मिळालेला नाही.

धोका आहे तो श्वासाचा. पत्रा कापला, फोडला, त्याला भोक पाडले, घासला, आपटला, की सिमेंटची पकड सुटते आणि तंतू हवेत जातात. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन पत्र्याचा वरचा थर भुसभुशीत झाला की तिथूनही ते सुटू लागतात. हे तंतू आपल्या केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला वास येत नाही, घशात खवखव होईलच असेही नाही. उडालेला धुरळा खाली बसला, आता हवा साफ झाली, असे आपल्याला वाटते. पण सर्वांत बारीक तंतू तासन् तास तरंगत राहतात. मग कुणीतरी खराटा मारतो आणि बसलेलेही पुन्हा उठतात.

साधी धूळ नाकात, घशात अडकते आणि कफावाटे बाहेर पडते. ॲस्बेस्टॉसचा बारीक तंतू मात्र सुईसारखा सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला गिळायला धावतात, पण तो त्यांच्यापेक्षाही लांब असतो. तो गिळला जात नाही आणि सहजी विरघळतही नाही. त्या जागी वर्षानुवर्षे दाह होत राहतो.

त्यातून होणारे आजार मुख्यतः असे आहेत. पहिला ॲस्बेस्टोसिस. यात फुप्फुस चट्टे पडून कडक होत जाते आणि माणसाला जिना चढतानाही दम लागतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा. फुप्फुसावरच्या किंवा पोटातल्या पातळ आवरणाचा हा कर्करोग एरवी अगदी दुर्मीळ. तो झाला की बहुतेक वेळा मागे कुठेतरी ॲस्बेस्टॉसचा संबंध सापडतो. याशिवाय स्वरयंत्राचा आणि स्त्रियांच्या बीजांडकोशाचा कर्करोगही त्याने होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, म्हणजे आपल्या पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा प्रकारसुद्धा, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. आज छातीत गेलेला तंतू आज काहीच करत नाही. ॲस्बेस्टोसिस दिसायला दहा-वीस वर्षे लागतात, मेसोथेलिओमाला वीस ते चाळीस आणि कधी त्याहूनही अधिक. म्हणजे अंगणात लंगडी खेळणारी ती मुलगी पंचेचाळीस-पन्नास वर्षांची होईल, तिचीही मुले मोठी झाली असतील, तेव्हा तिच्या आजचा हिशेब मांडला जाऊ शकतो. त्या वेळी हे अंगण, तो ग्राइंडर कुणाला आठवेल?

एक-दोनदा असा धुरळा अंगावर आला म्हणून आजार होईलच असे मुळीच नाही. किती धूळ, किती दिवस, यावर धोका ठरतो. रोज हेच काम करणाऱ्याला तो सर्वांत जास्त. पण अमुक इतका तंतू चालतो, अशी कर्करोगापुरती सुरक्षित मर्यादा कुणाला दाखवता आलेली नाही. म्हणून जेवढे टाळता येईल तेवढे टाळायचे, एवढाच नियम उरतो.

जगाला हे कधी कळले?

हे अलीकडचे संशोधन आहे असे कुणी समजू नये. इंग्लंडच्या रॉचडेल गावात नेली केर्शॉ नावाची स्त्री ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत काढायचे काम करत असे. १९२४ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती दम लागून लागून गेली. डॉ. कुक यांनी तिचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात खनिजाचे कण रुतलेले. त्यांनीच पुढे या आजाराला ॲस्बेस्टोसिस हे नाव दिले. १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीबाबत नियमही केले. म्हणजे आपल्या आजोबांच्या तरुणपणी ही गोष्ट कागदावर आली होती.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे तेहतीस रुग्ण जगापुढे मांडले. त्यातले काही जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. ते फक्त खाणींच्या परिसरात राहत होते किंवा लहानपणी तिथे वाढले होते.

आणि १९६५ साली लंडनमधून जी पाहणी प्रसिद्ध झाली ती तर घरातल्या बायकांनी मनावर कोरून ठेवावी अशी आहे. तिथल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांमध्ये अशा स्त्रिया निघाल्या, ज्यांनी कारखान्याचे दार पाहिले नव्हते. त्यांचा नवरा किंवा घरातले दुसरे कुणी तिथे कामाला होते. संध्याकाळी त्यांचे धुळीने भरलेले कपडे त्या झटकत आणि धूत. एवढ्यावरच आजार उंबरठा ओलांडून आत आला होता.

तुर्कस्तानचे उदाहरण आपल्या घरांच्या आणखी जवळचे आहे. अनातोलियाच्या काही खेड्यांत डोंगरातली पांढरी माती आणून घराच्या भिंतींना देत, छपरांवर पसरत. पिढ्यान् पिढ्यांची रीत ती. त्या मातीत निसर्गतःच ॲस्बेस्टॉस होते. तिथल्या लोकांत मेसोथेलिओमा इतका का आढळतो, याचा शोध घेताना तुर्की डॉक्टर त्या मातीपर्यंत पोहोचले. कारखाना नाही, यंत्र नाही. आपले घर पांढरेशुभ्र दिसावे म्हणून माणसाने हाताने सारवलेली भिंत, एवढेच.

पुढे एकेका देशाने दार बंद केले. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५ पासून पूर्ण झाली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आणि कॅनडाच्या सरकारने २०१८ साली बंदी आणली. कॅनडात तर मोठ्या खाणीभोवती वसलेल्या एका गावाचे नावच ॲस्बेस्टॉस होते. २०२० साली गावकऱ्यांनी मतदान करून ते बदलले.

आपल्याकडे काय झाले? १९८६ साली सरकारने ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबवले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, प्रत्येक कामगाराच्या तपासणीची नोंद किमान चाळीस वर्षे जपून ठेवा, आजारी ठरलेल्यांना एक लाख रुपये भरपाई द्या, असे त्यात सांगितले. आजार दिसायला किती वर्षे लागतात हे न्यायालयाने नेमके ओळखले होते. पण वापरावर बंदी आली नाही. परदेशातून ॲस्बेस्टॉस येतच राहिले, त्याचे पत्रे बनतच राहिले. आज भारत जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. कारण उघड आहे. गरिबाला डोक्यावर छप्पर हवे आणि हे छप्पर स्वस्त पडते. ज्याने अर्धी मजुरी साठवून गवताचे छप्पर काढले आणि पत्रे टाकले, त्याला आपण दोष देऊ शकत नाही. दोष त्याचा नाहीच.

वादळानंतरचे ते दिवस

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, पलीकडे मंडणगड आणि दापोली या भागात कितीतरी घरांची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यावरून गेले. त्या दिवसांत गावोगावी एकच दृश्य होते. वाटेवर, विहिरीकाठी, अंगणात पत्र्यांचा चुरा. मुंबईहून, पुण्याहून मदत आली, आपल्या तरुणांनी रात्रंदिवस राबून ढिगारे उपसले, नवे पत्रे चढवले. अल्लाह त्यांना त्याचा मोबदला देवो. पण ते काम करताना पत्र्याचे तुकडे फावड्याने फोडले गेले, टोपल्यांतून ओतले गेले, रस्त्यांच्या खड्ड्यांत भर म्हणून टाकून गाड्यांखाली भरडले गेले. नाकाला फार तर करोनाच्या दिवसांतला कापडी मास्क. तो या तंतूंना अडवत नाही.

यंत्रमागांच्या गावांत हेच वेगळ्या रूपात घडते. शेडला आग लागली की सिमेंटचे पत्रे उष्णतेने तडतड फुटून उडतात. आग विझल्यावर लोक राखेतून कामाचे सामान शोधतात, मुले खिळे-लोखंड वेचतात. तिथे राखेबरोबर हे तंतूही असतात.

वादळ पुन्हा येणार आहे. आगही कुठेतरी लागणार आहे. त्या वेळी काय करायचे हे आजच घरात बोलून ठेवायला हवे.

आता घरात काय करायचे?

पहिली गोष्ट, चांगला पत्रा आहे तर त्याला हात लावू नका. तडा नाही, भुसा पडत नाही, तर तो तसाच राहू द्या. नुसत्या भीतीने काढायला जाल तर जो तंतू पन्नास वर्षे गप्प बसला असता तो एका दुपारी घरभर कराल.

दुसरी, पत्र्याला घासू नका. ईदच्या आधी घराची रंगरंगोटी करताना अनेक जण तारेच्या ब्रशने पत्र्यावरचे शेवाळ खरवडतात किंवा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतात. दोन्ही टाळा. खालच्या बाजूने रंग द्यायचा असेल तर न घासता, ओल्या फडक्याने हलके पुसून द्या. रंगाचा थर तंतूंना धरून ठेवतो. पंख्यासाठी, दिव्यासाठी पत्र्याला भोक पाडू नका, आधार लाकडी वाशाला घ्या.

तिसरी, छपरावर चालू नका. हा धोका तंतूंचा नाही, पण त्याने तर चाळीस वर्षेही थांबावे लागत नाही. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच खचतो. पत्र्यातून आरपार खाली पडून माणसे दगावतात. चढावेच लागले तर वाशांवर आडवी भक्कम फळी टाकून, तिच्यावरूनच जावे.

चौथी, पत्रा बदलायचाच असेल तर तो फोडून काढू नका, सोडवून काढा. काम सुरू करण्यापूर्वी बाजूच्या घरांना सांगा, दारे-खिडक्या बंद करा, दोरीवरचे कपडे आत घ्या, मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे पाठवा. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण मिसळून पत्रा हलक्या फवाऱ्याने ओला करा. हूक गंजले असतील तर हूक कापा, पत्रा नको. पत्रे वरून टाकू नका, दोघांनी धरून अखंड खाली घ्या. ग्राइंडर तर अजिबात नको. ग्राइंडरच्या एका मिनिटाने जेवढी धूळ उडते तेवढी कशानेच उडत नाही.

पाचवी, मास्क. रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग नाही. एन-९५ काहीच नसण्यापेक्षा बरा, पण या कामासाठी त्याहून वरच्या दर्जाचा, एफएफपी-३ किंवा पी-१०० प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. मजुरीच्या हिशेबात तोही धरा आणि मिस्त्रीला आणून द्या. तो "काही होत नाही, भाभी" म्हणेल. आपण आग्रह धरावा. त्याच्याही घरी त्याचे कपडे धुणारी कुणीतरी आहे.

सहावी, झाडू नका, पुसा. जमीन ओली करून तुकडे हाताने उचला, मग ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. त्या दिवसाचे कपडे झटकू नका. तिथेच पाण्यात भिजवा आणि बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. काम करणाऱ्याने डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नये.

सातवी, तुकड्यांचे काय करायचे? आपल्या देशाच्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा धोकादायक कचऱ्यात मोडतो. अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. पण एकेका घराला चार पत्र्यांसाठी तिथवर जाणे परवडणारे नाही. म्हणून ओले तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधा, वर ठळक अक्षरांत लिहा आणि कुणी फोडणार नाही अशा जागी ठेवा. मग मोहल्ल्याने मिळून ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज द्यावा, की हा कचरा एकत्र उचलून न्या. एकाचा अर्ज बाजूला राहील, पन्नास घरांचा राहणार नाही. खाडीत, ओढ्यात, रस्त्याच्या भरावात मात्र कुणीही टाकू नये. आपल्या अंगणातून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात त्रास देत असेल तर आपण सुटलो असे होत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला वेगळा शिकवावा लागू नये.

नवे छप्पर कशाचे?

कोकणात मंगळुरी कौले अजूनही उत्तम. थंड राहतात, फुटले तर एकच बदलता येते, फक्त लाकूडकामाचा खर्च येतो आणि माकडांचा त्रास सोसावा लागतो. लोखंडी रंगीत पत्रा हलका आणि टिकाऊ, पण उन्हाळ्यात तापतो आणि पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. त्याखाली उष्णता अडवणारा थर किंवा छत दिले तर तो सुसह्य होतो. सिमेंटचाच पत्रा हवा असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेले, दुसरे तंतू वापरलेले पत्रेही आता मिळतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि बिलावर तसे लिहून घ्या. नुसते पाहून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून जुना पत्रा असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून वागावे.

मशिदीच्या, मदरशाच्या विश्वस्तांनी आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सगळे छप्पर एकदम बदलणे जमणार नाही. पण जिथे मुले रोज बसतात आणि जिथला पत्रा तडकला आहे, ती खोली आधी, हा क्रम ठरवता येतो. आणि काम सुट्टीत करावे, वर्ग चालू असताना नव्हे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा

शेवटची गोष्ट आपल्या आजोबांविषयी. आपल्या कितीतरी घरांतली माणसे जन्मभर जहाजावर होती. जुन्या जहाजांत इंजिन रूममधल्या वाफेच्या नळांवर आणि बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचे जाड आवरण असे. दुरुस्तीच्या वेळी ते सोलून काढावे लागे. कुणी गोदीत होते, कुणी जहाजे तोडण्याच्या कामावर, कुणी गाड्यांचे ब्रेक लायनर घासत गॅरेजमध्ये, कुणी पत्र्यांच्या कारखान्यात, कुणी जन्मभर छपरे चढवणारे मिस्त्री.

अशा माणसाला दम लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल, छातीत दुखत असेल किंवा छातीत पाणी झाले असेल, तर आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते. ती यायलाच हवी, तपासणी व्हायलाच हवी. पण डॉक्टरांना एक वाक्य आपणहून सांगा: "यांनी इतकी वर्षे अमुक काम केलं आहे." डॉक्टर वय विचारतात, बिडी-सिगारेट विचारतात, पण तीस वर्षांपूर्वीच्या कामाविषयी विचारतीलच असे नाही. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची श्वासाची तपासणी यातून बरेच कळते. कामामुळे आजार झाल्याचे ठरले तर कायद्याने भरपाईही मागता येते, कारण ॲस्बेस्टोसिस हा कामातून होणारा आजार म्हणून आपल्या कायद्यांत नोंदलेला आहे. त्यासाठी नोकरीचे जुने कागद, जहाजाचे सीडीसी पुस्तक, पगाराच्या पावत्या फेकून देऊ नका.

आणि बिडी-सिगारेट. अमेरिकेतल्या कामगारांच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले, की नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट होतो, नुसत्या धूम्रपानाने सुमारे दहापट, आणि दोन्ही एकत्र आले की पन्नासपटींहून अधिक. छातीत गेलेला तंतू परत काढता येत नाही, पण बिडी आज सुटू शकते.

त्या दिवशी भाभींशी आमचे बोलणे बराच वेळ चालले. मिस्त्रीही खाली उतरून ऐकत बसला. तो एवढेच म्हणाला, "वीस वर्षं हेच करतोय. कुणी सांगितलंच नाही." मग त्याने ग्राइंडर गोणीत बांधला, बादलीभर पाणी मागितले आणि उरलेले दोन पत्रे ओले करून हातकरवतीने कापले. वेळ दुप्पट लागला. भाभींनी त्याला मजुरीत शंभर रुपये वाढवून दिले. अंगण पाणी टाकून पुसून घेतले, तुकडे गोळा करून बांधले.

मुलगी तेवढी रुसली होती, तिची ठिकरी गेली म्हणून. दादीने परसातून जुन्या कौलाचा एक तुकडा आणला, दगडावर घासून गोल केला आणि तिच्या हातात दिला. लंगडी पुन्हा सुरू झाली.